नेमाचा डोळा

आमच्या घराण्यातलं कुणीतरी म्हैसूरच्या फौजेत घोडेस्वार होतं. कोण, कुठल्या लढाईत, हे धड कुणालाच सांगता यायचं नाही. तलवार आजोबांच्याही आधी कुठेतरी गेली होती. उरली होती ती तिच्या म्यानाची एक पितळी कडी, बांगडीएवढी, आणि त्या कडीवर आमचा सगळा रुबाब चालायचा. माझे वडील, म्हणजे अप्पा, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. बंदूक त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती आणि घरात पाल निघाली तर ते आईला हाक मारायचे. पण आयुधपूजेचा दिवस उजाडला की त्यांच्या अंगात तो घोडेस्वार संचारायचा.

त्या दिवशी चामराजपुरमच्या आमच्या घरी काकांची मुलंही यायची. सायकलीला झेंडूचा हार, कचेरीच्या पेनाला कुंकू, आईच्या विळीला कुंकू आणि देव्हाऱ्यात मधोमध ती कडी. पूजा झाली की अप्पा कडी उचलायचे आणि आम्हां सगळ्यांना गच्चीवर न्यायचे. सहा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येक मुलाचा तिथे नेम बघायचा, अशी घराण्याची रीत होती. कडी दोन्ही हातांत धरायची, हात लांब ताणायचे, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि डोंगरावरच्या देवळाचं शिखर कडीच्या बरोबर मधे आणायचं. मग अप्पा आपल्या तळव्यानं एकेक डोळा झाकायचे. एक डोळा झाकला तर शिखर जागच्या जागी राहायचं. दुसरा झाकला तर ते कडीबाहेर उडी मारायचं. ज्या डोळ्याला शिखर कडीत दिसत राहील तो नेमाचा डोळा, बंदुकीला लावायचा. दुसऱ्याला अप्पा चाकर डोळा म्हणायचे. नेमाच्या डोळ्यावरच्या भुवईवर ते कुंकवाचं बोट ओढायचे आणि हातावर पेढा ठेवायचे.

माझा नेम कधी ठरलाच नाही. उजवा झाकला तरी शिखर थोडं सरकायचं, डावा झाकला तरी थोडं सरकायचं. एका वर्षी उजवा ठरतोय असं वाटायचं, पुढच्या वर्षी डावा. ‘‘हिच्या घरात दोन कारभारी,’’ असं अप्पा म्हणायचे आणि सगळी गच्ची हसायची. मला पेढा मिळायचा, कुंकू नाही. मी मूळचीच रागीट. महिनाभर आधीपासून आईची बांगडी घेऊन मी गच्चीवर सराव करायचे, एक डोळा दटावून दटावून मालक करायला बघायचे. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

धाकटी बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिला सहा पुरी झाली त्या वर्षी अप्पांनी तिच्या हातात कडी दिली. तिनं शिखर धरलं. अप्पांनी तिचा डावा डोळा झाकला.

‘‘आहे काय शिखर?’’

‘‘आहे.’’

अप्पांनी हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. शिखर हललं नाही. मग त्यांनी उजवा डोळा झाकला.

‘‘आता?’’

‘‘नाही.’’

‘‘कडीत नाही?’’

‘‘नाही अप्पा. नाहीच.’’

अप्पांना भरून आलं. खोटं सांगत नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काकांना म्हणाले, ‘‘बघितलं? जरासुद्धा डळमळ नाही. हिच्या नेमाला वाटेकरीच नाही.’’ त्यांनी तिच्या उजव्या भुवईवर कुंकू ओढलं, दोन पेढे दिले, आणि तिला खांद्यावर घेऊन गच्चीभर फिरवलं. मुलगा असती तर फौजेत धाडली असती, असंही म्हणाले. त्यानंतर दर वर्षी आयुधपूजेला सगळ्यांत आधी तिला हाक असायची. आम्ही बाकीचे नंतर.

हे एवढं सोडलं तर त्या घरात धाकटीला कुणी कशासाठी बोलवत नसे. ती सावळी, हळू बोलणारी, आणि आईच्या मते धांदरट. पाणी ओतायला सांगितलं तर अर्धं पेल्याच्या बाहेर. जिन्याची शेवटची पायरी तिला कधी सापडायची नाही, एकतर ती नसलेल्या पायरीवर पाय ठेवायची, नाहीतर असलेली विसरायची. सुईत दोरा ओवायला बसली तर दोरा सुईच्या अलीकडून नाहीतर पलीकडून जायचा. लगोरीत चेंडू तिच्या हातात न पडता छातीवर येऊन आदळायचा. आई म्हणायची, ‘‘लक्ष कुठं असतं गं तुझं, सुम्मने उभी राहतीस.’’ सुम्मने म्हणजे उगाच. आमच्या घरी मराठीत कन्नड असं मीठ घातल्यासारखं असायचं. मारही बसायचा तिला, आणि त्यातला निम्मा मी चुगली करून बसवलेला असायचा.

आता मुद्द्याचं सांगते. धाकटीला सात पुरी झाली, त्या वर्षी तिला दुसऱ्यांदा कुंकू लागलं आणि माझ्यावर पुन्हा गच्ची हसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मागच्या अंगणात केळीच्या सोपटात मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, कळ्या गुंफत बसलो होतो. तिची माळ नेहमीप्रमाणे सुटत होती. मधेच तिनं उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, ‘‘अक्का, तुला चाकर डोळ्यानं दिसतं काय गं?’’

मी तिच्याकडे बघितलं. तिचा डावा डोळा माझ्याकडेच होता, काळाभोर, चांगला सरळ. पण तो माझ्या तोंडावर थांबत नव्हता. मला त्या क्षणी कळलं. सगळं नाही, नाव-गाव नाही, पण हिला ह्या डोळ्यानं दिसत नाही आणि हे बरोबर नाही, एवढं अकरा वर्षांच्या मला लख्ख कळलं. मी उठून आईला सांगायला हवं होतं. तिच्या भुवईवर कालच्या कुंकवाचा डाग अजून होता.

मी म्हटलं, ‘‘नाही. कुणालाच दिसत नाही. चाकर असतो तो.’’

ती ‘हं’ म्हणाली आणि पुन्हा माळ गुंफू लागली.

ह्या वाक्याला मी नंतर पुष्कळ कपडे घालून बघितले. लहान होते, समजत नव्हतं, रागात बोलले. पण मला समजत होतं. तिचा नेम खरा नाही हे मला ठाऊक झालं होतं, आणि ते कुणाला सांगितलं तर तिला डॉक्टरकडे नेतील, तिची काळजी करतील, ती आणखीनच मोठी होईल, असा हिशेब मी त्या दोन क्षणांत केला होता. इतका नीच विचार मी नंतर मोठेपणीही क्वचितच केला असेल.

पाच वर्षं तशीच गेली. शाळेत दर वर्षी डोळे तपासायचे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता असायचा आणि धाकटी दोन्ही डोळ्यांनी घडाघडा वाचून दाखवायची. ती बारा वर्षांची झाली तेव्हा तपासायला एक नवीन डॉक्टर आले. त्यांनी अक्षरांऐवजी तीन दातांच्या फणीसारख्या खुणांचा तक्ता लावला. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. डाव्या डोळ्यानं धाकटीला सगळ्यांत वरची, तळव्याएवढी खूणसुद्धा दाखवता आली नाही. आधीची अक्षरं तिनं उजव्यानं बघून पाठ केली असणार, पुष्कळ मुलं करतात, असं ते डॉक्टर हसत म्हणाले आणि सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली.

दवाखान्यात अप्पा तिला घेऊन गेले. मीही गेले. मी सोळा वर्षांची होते. तिथले डोळ्यांचे डॉक्टर वयस्क होते, कन्नडमध्ये हळूहळू बोलायचे. त्यांनी बराच वेळ तिचे डोळे बघितले, मग एक पुस्तक उघडलं. त्यात एका माशीचं पानभर चित्र होतं, भलीमोठी, केसाळ. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, एक काळसर चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, ‘‘नोडम्मा, बघ गं, माशीचा पंख चिमटीत धर.’’

मी बघितलं आणि हात मागे घेतला. माशी कागदावर नव्हतीच. तिचे पंख कागदापासून चांगले दोन बोटं वर उचलले होते. किळस आली, तरी मी चिमटी पुढे केली आणि हवेतच मिटली.

मग तोच चष्मा त्यांनी धाकटीला घातला. तिनं मुळीच न दचकता हात पुढे केला आणि दोन बोटं कागदावर सपाट टेकवली. कागदाला चिमटा काढता येईना म्हणून तिनं नखानं पंख खरवडून बघितला. मग वर बघून आम्हां सगळ्यांच्या चेहऱ्यावरून तिनं ओळखलं की आपलं काहीतरी चुकलं आहे. तिनं बोटं फ्रॉकला पुसली.

डॉक्टरांनी अप्पांना समजावून सांगितलं. डाव्या डोळ्याचा नंबर जन्मापासून फार मोठा. त्या डोळ्याकडून मेंदूला नेहमी धूसर चित्र जायचं, मेंदूनं शेवटी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं. डोळा सरळ असल्यामुळे वरून कुणाला कळलं नाही. चार-पाच वर्षांची असताना चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, एवढ्यात भागलं असतं. सात-आठला आली असती तरी पुष्कळ मिळालं असतं. आता उशीर झाला.

अप्पांनी विचारलं, ‘‘पण सर, एक डोळा नेमाचा असतोच ना माणसाचा?’’

‘‘असतो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘उजवा हात असतो तसा. म्हणून डावा हात कुणी टाकून देतो काय?’’

मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं, तीस वर्षं, कन्नड माध्यमाच्या मुलींना. डोळ्याचा धडा आला की मी हेच माझ्या शब्दांत सांगायचे. आपल्या दोन डोळ्यांत अडीच इंचांचं अंतर. त्यामुळे दोघांना जग एकसारखं दिसत नाही, जरा जरा वेगळं दिसतं. त्या वेगळेपणातून मेंदू जवळ काय आणि लांब काय ते काढतो. जवळची कडी आणि लांबचं शिखर एका रेषेत आणायचं तर दोन्ही डोळ्यांचं एकदम मानता येत नाही, म्हणून मेंदू एकाचं ऐकतो. तो नेमाचा डोळा. कुणाचा कौल ठाम असतो, कुणाचा माझ्यासारखा डळमळीत, नजर जरा डावीकडे-उजवीकडे वळली तरी बदलणारा. त्याला रोग म्हणत नाहीत आणि त्यानं खोली कळायचं फारसं अडतही नाही. अडतं ते दुसरा डोळा कारभारातून बादच झाला तर. मग नेम पक्का होतो, कारण विरोधाला कुणी उरलेलं नसतं. अप्पा दर वर्षी ज्या ठामपणाला कुंकू लावत होते ते हे होतं.

एवढं सांगून झालं की मी मुलींना एक डोळा मिटून पेनाला टोपण लावायला सांगायचे. वर्ग हसायचा, टोपणं खाली पडायची. मी मात्र रांगेरांगेनं फिरून प्रत्येकीचा एकेक डोळा झाकून बोटं मोजायला लावायचे. मुख्याध्यापिका म्हणायच्या की धडा दोन तासांचा आहे, तुम्ही आठवडा घालवता. मी त्यांना उलट बोलायचे.

दवाखान्यातून परतताना आम्ही बसस्टॉपवर उभे होतो. धाकटी शेंगा खात होती. अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘मी बघितलंतं. दर वर्षी माझ्या हातानं झाकून बघितलंतं.’’

तेव्हा मी बोलायला हवं होतं. अप्पा, मलाही ठाऊक होतं, एवढंच. मी मूग गिळून बसले. बस आली, आम्ही चढलो, पायदानावर मी धाकटीचा दंड धरला. तिचा दंड मी आयुष्यात पहिल्यांदाच मायेनं धरला असेल.

उशीर झाला असला तरी प्रयत्न करून बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. धाकटीला जाड भिंगाचा चष्मा आला आणि उजव्या, चांगल्या डोळ्यावर दिवसभर पट्टी. ते तीन महिने मी विसरू शकत नाही. बारा वर्षांची मुलगी घरातल्या घरात भिंती चाचपत चालायची. शाळेत फळा दिसायचा नाही, पुस्तक दिसायचं नाही. मुली तिला चिडवायच्या. मी तिला रोज शाळेत पोचवायचे, परत आणायचे, तिचे धडे मोठ्यानं वाचून दाखवायचे, तिच्या वाटणीची भांडी घासायचे. आई म्हणाली, थोरली एकदम शहाणी झाली. धाकटीच्या डोळ्याला तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त दिसू लागल्या. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा.

मग नवरात्र आलं. आयुधपूजेच्या दिवशी सकाळी अप्पांनी स्वतःच्या हातानं तिची पट्टी सोडली. आजच्या दिवशी तरी तो डोळा झाकायला नको, म्हणाले. गच्चीवर कुणी गेलं नाही. कडी देव्हाऱ्यात नव्हती, ती कुठे गेली ते कुणी विचारलं नाही. दसरा झाल्यावर पट्टी बांधायची होती, तर काकांकडे जेवण होतं. मग दिवाळीनंतर ठरलं. मग तिची परीक्षा. पट्टी बांधा असं म्हणायला कुणाचं मन होईना, कारण पट्टी नसताना ती आमच्यासारखीच दिसायची आणि बघणाऱ्यांना बरं वाटायचं. मिळालेल्या दोन ओळी परत गेल्या. मी ह्याही वेळी तोंड उघडलं नाही.

तिनं आपल्यापुरत्या युक्त्या काढल्या. ओतायच्या आधी ती भांड्याची कड पेल्याच्या कडेला टेकवायची, टक् असा आवाज यायचा, मगच ओतायची. जिना उतरताना पाय घासत न्यायची. सुया मी ओवून द्यायचे, एकदम दहा-बारा, वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांच्या, माझं लग्न झाल्यावर सुद्धा दर रविवारी येऊन.

तिला बघायला येलवालहून एक मंडळी आली होती, आमच्यापैकीच, जुनी घरोब्याची. आईनं तिला बजावलं, कॉफी ओतताना तो टक् आवाज करू नको, भिकाऱ्याच्या वाटीसारखा वाटतो. तिनं आवाज न करता ओतली. मुलाच्या वडलांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर ऊन ऊन कॉफी गेली. ते बिचारे काही बोलले नाहीत, पण आठवड्यानं निरोप आला की मुलीच्या हाताला कंप आहे असं दिसतं. कंप नव्हता, पण आम्ही खुलासा केला नाही. खुलासा त्याहून वाईट होता. पुढे तिनंच, बेड, म्हणजे नको, असं एकदा सांगून टाकलं आणि तो विषय संपवला.

तिला जे जमायचं ते कागदावर होतं. कागद सपाट असतो. अक्षर त्याच्या पुढेही नसतं आणि मागेही नसतं. देवराज मोहल्ल्यात शिंप्यांच्या गल्लीमागे एक जुना कन्नड छापखाना होता, तिथे ती मुद्रितं तपासायला लागली. लग्नपत्रिका, पंचांगं, शाळेची पुस्तकं. तिच्या उजव्या डोळ्यातून एक अनुस्वार निसटायचा नाही. मालक तिला घाबरून असायचा. तीस वर्षं तिनं ते काम केलं आणि माझ्या ओळखीतल्या फार थोड्या माणसांना आपल्या कामात इतकं सुख असेल. संध्याकाळी घरी आली की पुन्हा वाचायची, जे हाती पडेल ते. अप्पा म्हातारपणी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत राहायचे. तिनं वर बघितलं की नजर वळवायचे. त्यांनी तिची माफी मागितली नाही आणि तसेच गेले. मला वाटतं, मागितली असती तर त्यांना जरा सोपं गेलं असतं. पण हे मी कुणाला सांगते आहे.

आई गेली. माझे यजमान गेले. मी चामराजपुरमच्या घरी परत राहायला आले, आणि आम्ही दोघी पुन्हा एका छपराखाली आलो. मग मागच्या वर्षी, छप्पन्नाव्या वर्षी, धाकटी एका सकाळी उठली आणि म्हणाली, ‘‘अक्का, भिंतीवर तेल सांडलंय काय?’’ भिंतीवर काही नव्हतं. उजव्या डोळ्यातली शीर तुंबली होती. रक्तदाब तिनं कधी मोजला नव्हता. इंजेक्शनं झाली, लेझर झालं, म्हैसूरचे झाले, बंगळुरूचे डॉक्टर झाले. तो डोळा गेला. उजेड आणि अंधार, एवढं उरलं.

तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, दुसऱ्या डोळ्यावर आता सगळा भार आहे. कधी कधी चांगला डोळा गेला की झोपलेला डोळा थोडा जागा होतो. प्रयत्न करा. लहानपणी ज्या डोळ्याला आम्ही शिकवलं नाही, त्याला ह्या वयात शिकवायला बसायचं होतं.

मी मास्तरीण. मी जाड काळ्या पेनानं पाठकोऱ्या कागदांवर कन्नड अक्षरं काढली, एकेका पानावर एकेक. रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी मी तिला बसवायचे आणि पानं दाखवायचे. पहिल्या दोन महिन्यांत तिला वितीएवढं अक्षर ओळखता यायला लागलं. मग त्याहून लहान. मग थांबलं. जिच्या नजरेतून अनुस्वार सुटत नव्हता ती ‘अ’ आहे की ‘आ’ आहे ह्यावर घाम पुसत बसायची. मी तिच्यावर ओरडायचे. नीट बघ, कालच्यापेक्षा मोठं काढलंय, मन लावत नाहीस तू. माझा आवाज आईसारखा यायला लागलाय हे मला कळत होतं.

एक दिवस तिनं पान बाजूला सरकवलं. ‘‘अक्का, सोड आता. आयतु,’’ म्हणाली. झालं, पुरे, अशा अर्थी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘सोड कसं? मी कशी सोडू?’’ मी म्हटलं. आणि मग ते बाहेर आलं, जवळजवळ पन्नास वर्षांनी, ओरडतच. अंगणातली ती सकाळ, तिचा प्रश्न, माझं उत्तर. मला त्या वेळी कळलं होतं हे. सातव्या वर्षी तुला नेलं असतं तर आज हा डोळा तुझ्यापाशी असता, हेही. मी रडत नव्हते. मला वाटत होतं आता ती रडेल, नाहीतर उठून जाईल, नाहीतर मला काहीतरी फेकून मारेल, आणि ह्यातलं काहीही चाललं असतं.

ती टेबलावर हात फिरवत होती, तिला कागदाची कड सापडली, तिनं तो सरळ केला.

‘‘गोत्तु अक्का,’’ ती म्हणाली. ‘‘ठाऊक आहे मला.’’

‘‘काय ठाऊक आहे?’’

‘‘दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलंतं मी. बाकावरच्या मुलीला. ती म्हणाली, दोन्ही डोळ्यांनी दिसतं की सगळ्यांना, तुला दिसत नाही काय? मी म्हटलं, दिसतं.’’

मी विचारलं, ‘‘मग घरात का नाही बोललीस?’’

‘‘अप्पा मला पहिलं बोलवायचे ना गच्चीवर,’’ ती म्हणाली. ‘‘डोळा बिघडलाय म्हटलं असतं तर पुढच्या वर्षी कशाला बोलावतील? सात वर्षांची होते मी. तेवढंच कळायचं.’’

मी म्हटलं, ‘‘आणि मी खोटं बोलले हे तुला इतकी वर्षं ठाऊक होतं.’’

‘‘हो.’’

‘‘मग मोठेपणी तरी मला बोलायचं. शिव्या द्यायच्या. मी सगळं ऐकून घेतलं असतं.’’

‘‘दवाखान्यातून आलो त्या दिवशी तू बसमध्ये माझा दंड धरलास,’’ धाकटी म्हणाली. ‘‘मग शाळेत पोचवायला लागलीस. भांडी घासलीस. सुया ओवून दिल्यास, इतकी वर्षं. का करतीस ते कळत होतं की मला. बोलले असते तर आपलं फिटलं असतं. मग तू ते थांबवलं असतंस.’’

तिचा डावा डोळा माझ्या बाजूला होता, माझ्या चेहऱ्याच्या जरा शेजारी. थांबवलं नसतं, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण ते खरं आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि तिच्याशी आणखी एकदा खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.